मास्तरांना फुटलेला घाम

पंख्याचा वेग कमी-जास्त करायचं गोल बटण. भिंतीवर त्याच्या जागी नुसती दांडी उरली आहे. बटण एका माणसाच्या शर्टाच्या खिशात आहे, खडूच्या तुकड्यांबरोबर.

अस्तराचं कापड इतकं हलकं असतं की शेजारच्यानं शिंक दिली तरी वरचा थर जागचा हलतो.

एक बाई फ्रिजचं दार उघडून उभी आहे. तिला आतून काही काढायचं नाही आणि आत काही ठेवायचंही नाही.

बेंबीच्या डावीकडे, कातडीच्या खाली, बोराएवढी मऊ गाठ. ती आजाराची नाही. ती औषधाची आहे.

टेबलाखाली लोखंडी वजनं पडली आहेत. त्यांच्यावर धूळ.

एका बाईला हॉलभर 'भट्टी' म्हणतात. हे नाव तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाही.

ते ठेवलं कापणी मास्तरांनी.

तयार कपड्यांच्या त्या कारखान्यात शिलाई मशिनच्या दोन रांगा होत्या आणि हॉलच्या टोकाला कापणीचं लांबलचक टेबल. मास्तर त्या टेबलाचे राजे. कापडाचे थर अंथरायचे, वर मापाचा पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून खडूनं आखायचं, आणि मग कटर चालवायचा. थर चुकला की शंभर बाह्या चुकल्या. त्यामुळे मास्तरांचा शब्द मालकसुद्धा खाली पडू देत नसत. टेबलाच्या कडेला पोट टेकवून, वाकून, मास्तर दिवसभर काम करायचे. ती त्यांची जुनी सवय. जिथे पोट टेकायचं तिथे लाकूड गुळगुळीत झालं होतं. पोरं म्हणायची, "मास्तरांचं निम्मं वजन टेबल उचलतं."

टेबलाला लागून असलेल्या मशिनवर ती बाई बसायची. हात सफाईदार, शिवण सरळ. पण गेल्या वर्षापासून तिची पाळी जायच्या वाटेवर होती, आणि काम करता करता तिच्या छातीतून एकदम आग उसळायची. मान, चेहरा, कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या. मग घाम, आणि घामानंतर कापरं.

"मास्तर, दोन मिनिटं पंखा लावा ना."

"दोन मिनिटांत माझं अस्तर उडून तुझ्या मांडीवर येईल. तिरक्या बाह्यांचे कपडे मग तू घालशील का?"

"अंगातून वाफ निघतेय हो."

"वाया घालवू नकोस. इस्त्रीवाल्याला दे. तेवढीच वीज वाचेल."

हॉल हसला. इस्त्रीवाला तर इतका हसला की त्याला खोकला आला. तीही थोडीशी हसली, कारण हसण्यावारी नेलं नाही तर लोक आणखी धार काढतात, हे तिला ठाऊक होतं. त्या दिवसापासून ती 'भट्टी' झाली. एकदा मास्तर जेवायला गेलेले पाहून तिनं पंखा लावला. मास्तर परत आले, काही बोलले नाहीत, भिंतीवरचं बटण उपसून खिशात टाकलं आणि कामाला लागले. मग ती दर थोड्या वेळानं उठून मोरीवर तोंड धुवायला जाऊ लागली.

आता मास्तरांच्या अंगातली गोष्ट.

त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला होता. वयाचं असेल म्हणून त्यांनी बरेच दिवस अंगावर काढलं. तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं की पुरुषांच्या एका ग्रंथीत कर्करोगाची गाठ आहे, आणि ती आटोक्यात ठेवायला दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागेल.

"ते करतं काय?" मास्तरांनी विचारलं.

"तुमची गाठ पुरुषी हार्मोनवर पोसते. ते हार्मोन बनवायचा हुकूम डोक्यातून निघतो, तिथल्याच एका छोट्या ग्रंथीकडे जातो आणि तिथून खाली येतो. हे औषध त्या ग्रंथीच्या दारात जाऊन बसतं. हुकूम आला तरी आत जाऊ शकत नाही. काही दिवसांत हार्मोन तळाला जातं आणि गाठीची उपासमार होते."

"दंडात देणार?"

"पोटावर, कातडीच्या खाली. पहिल्या वेळी दोन्ही बाजूंना एकेक. सुईतून जाताना ते पातळ असतं. अंगातला ओलावा लागला की त्याची जेलीसारखी गाठ होते. थोडं औषध लगेच रक्तात उतरतं आणि बाकीचं त्या गाठीतून झिरपत राहतं, महिनाभर. म्हणून ती जागा चोळायची नाही, शेकायची नाही, तिच्यावर पट्टा आवळायचा नाही, काही दाबायचं नाही. शरीराला त्याच्या चालीनं घेऊ द्यायचं."

"असलं औषध आणखी कोणाला देतात?"

"याच जातीचं, लवकर उतरणारं, मूल व्हावं म्हणून उपचार घेणाऱ्या बायकांना देतात. बीज वेळेआधी सुटू नये म्हणून."

मास्तरांचा चेहरा पडला. "म्हणजे बायकांचं औषध."

"औषधाला बाई-पुरुष कळत नाही, मास्तर. डोक्यातला हुकूम दोघांकडे एकाच वाटेनं येतो." डॉक्टरबाईंनी चिठ्ठी पुढे सरकवली. "एक मात्र ध्यानात ठेवा. अंगातून मधूनच गरम झळ उठेल. घाम फुटेल, मग थंडी वाजेल. रडूही येईल कधी. पाळी जाताना बायकांना होतं ना, तसंच. कारणही जवळपास तेच. हार्मोन खाली गेलं की शरीराचा ताप मोजायचा काटा बिथरतो."

मास्तरांनी एकच प्रश्न विचारला. "हे कोणाला सांगावं लागतं का?"

घरी त्यांनी बायकोला सांगितलं, "ताकदीचं इंजेक्शन आहे." कारखान्यात काहीच सांगितलं नाही. आणि न सांगितल्यामुळे टेबलापासून लांब उभं राहायला काही कारणही उरलं नाही. तीस वर्षांची सवय पोटाला माहीत होती, पोटातल्या औषधाला माहीत नव्हती. मास्तर वाकले की टेबलाची कड बरोबर गाठीवर यायची. पहिले दोन दिवस कळ आली, मग जागा लाल झाली, मग हात लावू देईना. तरी मास्तर वाकत राहिले. टेबलापासून हातभर दूर उभा राहणारा मास्तर म्हणजे काय मास्तर?

झळ आली ती तिसऱ्या आठवड्यात, खडूची रेघ अर्ध्यावर असताना.

आधी वाटलं, कोणी पाठीमागे शेगडी पेटवली. मग ती शेगडी छातीत आली, गळ्यातून वर चढली, कान पेटले. खडू हातातून निसटला. कपाळावरचा घाम भुवयांवरून अस्तरावर टपकला आणि तिथे काळसर ठिपका उमटला. मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं. पंखा निश्चल होता. बटण त्यांच्याच खिशात होतं.

शेजारचं मशीन थांबलं.

"मास्तर, बसा," भट्टी हळूच म्हणाली. "हे उन्हाचं नाही."

"पित्त झालंय."

"मलाही आधी पित्तच वाटलं होतं." तिनं आपला ओला रुमाल पुढे केला. "मानेच्या मागे ठेवा. तिथून लवकर उतरतं."

"तुझं मशीन बघ."

तिनं रुमाल टेबलाच्या कडेवर ठेवला आणि मशीन सुरू केलं. रुमाल तिथेच वाळला.

आठवडा संपताना मालक हॉलमध्ये आले. त्यांनी सगळ्यांना चहा मागवला तेव्हाच जाणत्यांनी ओळखलं की बातमी कडू आहे. ऑर्डर कमी झाली होती, एक मशीन बंद करायचं होतं. मालकांची नजर टेबलाशेजारच्या मशिनवर थांबली.

"ही फार उठते असं ऐकतो, मास्तर."

ती उभी राहिली. आवाज चढवला नाही. "मालक, पंखा असला तर मला उठावं लागत नाही. आधीची सगळी वर्षं मी कधी उठत होते का, विचारा मास्तरांना. कामात चूक असेल तर दाखवा. माझ्या घरात मी एकटीच कमावते. तेवढंच बघा."

"काय मास्तर? खरंच एवढा त्रास असतो का हा? का आपलं उगीच?"

मास्तरांनी गरम चहाचा घोट घेतला होता. तो घोट ठिणगीसारखा आत पडला. झळ उठली. शर्ट पाठीला चिकटला, कानांत गुणगुण सुरू झाली. हॉलमध्ये त्या क्षणी दोनच माणसं जळत होती, आणि त्यातल्या एकाला विचारलं जात होतं की आग असते का.

मास्तर म्हणाले, "नखरे आहेत, मालक. वयाचे."

तिनं त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. तिथे घाम मोत्यांसारखा उभा होता. तिनं फक्त एक बोट दाखवायचा अवकाश होता. "मग हे काय आहे?" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तिनं बोट उचललं नाही. कात्री, बॉबिनची डबी आणि चष्मा पिशवीत टाकला, मशिनवर कापड पांघरलं आणि ती निघून गेली.

मास्तर घरी आले तेव्हा बायको भाजी आणायला गेली होती. त्यांनी बूटही काढले नाहीत. स्वयंपाकघरात गेले, फ्रिजचं दार उघडलं आणि वरच्या कप्प्याला कपाळ टेकून उभे राहिले.

किती वेळ गेला कोण जाणे. मागून आवाज आला.

"काय शोधताय?"

"पाणी."

"बाटली तुमच्या मागे टेबलावर आहे."

मास्तर हलले नाहीत. बायकोनं भाजीची पिशवी खाली ठेवली. ती जवळ आली, त्यांच्या मानेला हात लावून पाहिला आणि हात मागे घेतला. तिला सांगावं लागलं नाही. ओळखीचा पाहुणा होता तो.

"कधीपासून?"

मास्तरांनी फ्रिजचं दार लावलं.

"ताकदीच्या इंजेक्शनानं असं होतं?"

मग त्यांनी शर्ट वर केला. बेंबीच्या दोन्ही बाजूंना लाल, सुजलेले गोळे, आणि त्यांच्यावरून टेबलाच्या कडेचा आडवा वळ. त्यांनी सगळं सांगितलं. कर्करोग, हार्मोन, गाठ. ती ऐकत स्टुलावर बसली. रडली नाही.

"एवढं मोठं दुखणं, आणि मला ताकदीचं म्हणून सांगितलंत?"

"लाज वाटली गं."

"कशाची? दुखण्याची, की बाईसारखं व्हायची?"

मास्तरांनी शर्ट खाली ओढला.

"मी याच फ्रिजपुढे उभी राहायचे," ती म्हणाली. "तुम्ही पाहुण्यांसमोर म्हणालात, 'फ्रिज भाजी ठेवायला घेतलाय का हवा खायला?' सगळे हसले. मीही हसले. पंखा मोठा केला की तुमचा खांदा धरायचा, म्हणून मी दोन वर्षं दाराच्या फटीशी अंथरूण टाकून झोपले. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की ही तिथे का झोपते. तुम्हाला वाटलं, रुसलीय."

"मला कळलं नाही."

"कळत नव्हतं हे खरं. पण मी सांगत होते, हेही खरं आहे ना? न कळणं वेगळं आणि कळून न घेणं वेगळं. बाईसारखं होणं इतकं लाजिरवाणं असेल, तर मग आम्ही जन्मभर काय करतोय, अहो?"

तिनं बाहेरच्या खोलीतला पंखा पूर्ण सोडला आणि त्यांना खाली बसवलं. आता तिचं ते वय सरलं होतं, तिला वारा सोसत नव्हता. तिनं शाल काढून अंगाभोवती घेतली आणि शेजारीच बसून भाजी निवडू लागली. मास्तरांना रडू आलं. ते औषधाचं होतं की आणखी कशाचं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या रात्री त्यांनी भट्टीचंही सांगितलं. बायकोची भाजी निवडून कधीच झाली होती, तरी तिचे हात चालत राहिले. "ती काही बोलली नाही?" तिनं विचारलं.

"नाही. तिला माहीत होतं. तरी बोलली नाही."

"मग तिच्या मनावर उठलेल्या वळापुढे तुमच्या पोटावरचा वळ काहीच नाही," बायको म्हणाली.

पुढच्या इंजेक्शनला ती त्यांच्याबरोबर आत गेली. पोट पाहून डॉक्टरबाई चिडल्या. "मी काय सांगितलं होतं? ही गाठ म्हणजे महिन्याची शिदोरी आहे. तुम्ही तिच्यावर रोज टेबल ठेवलंत! जागा अशी सुजली की त्रास तुम्हालाच. टेबलापासून दूर उभं राहायला काय झालं होतं?"

"लोकांना सांगावं लागलं असतं," मास्तर म्हणाले.

बायकोनं विचारलं, "डॉक्टर, ही झळ बायकांना येते तेव्हा काही औषध असतं का?"

"असतं. पण बऱ्याच जणी इथवर पोचतच नाहीत. घरी सांगतात, घरचे हसतात. कामावर सांगतात, तिथलेही हसतात. मग त्या सांगायचं सोडून देतात. सांगणं थांबलं की सगळ्यांना वाटतं, बरी झाली."

पिशवीचा बंद बायकोनं बोटाला गुंडाळला आणि सोडला.

दुसऱ्या दिवशी मास्तर कारखान्यात आले. खिशातलं बटण काढून दांडीवर बसवलं आणि पंखा लावला. अस्तराचे वरचे थर फडफडले. मास्तर खाली वाकले, टेबलाखालची लोखंडी वजनं बाहेर काढली, पुसली आणि थरांच्या कडांवर ठेवली. एकही थर हलेना. इतकं सोपं होतं ते. वजनं टेबलाइतकीच जुनी होती. काढायला वाकावं लागतं, एवढीच त्यांची अडचण होती.

मग टेबलापासून हातभर दूर उभं राहून त्यांनी हॉलला सांगितलं. मला अमुक आजार आहे, पुरुषी हार्मोन बंद करायचं औषध पोटात आहे, त्यामुळे मला भट्टीसारखीच झळ येते, आणि मालकांसमोर मी खोटं बोललो तेव्हाही आलेली होती.

मशिनं एकेक करून थांबली. इस्त्रीवाल्याला मात्र राहवलं नाही. "मग मास्तर, आता तुम्हाला बायकांच्या रांगेत बसवायचं का?"

"बसव," मास्तर म्हणाले. "तिथे एक मशीन रिकामं आहे. मीच केलंय ते."

कोणी हसलं नाही. मशिनच्या मागच्या रांगेतली एक बाई उठली, पंख्याखाली आली आणि डोळे मिटून उभी राहिली. तिच्या पाठोपाठ आणखी एक. या दोघींनाही होत होतं, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं. आपल्याला दुसरं नाव पडू नये म्हणून त्या गप्प बसल्या होत्या.

मालक ओशाळले. म्हणाले, "बोलवा तिला परत."

ती तिसऱ्या मजल्यावर राहत होती. जिने चढता चढता मास्तरांना झळ आली. दार उघडल्यावर तिनं त्यांचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता खुर्ची ओढून खिडकीशी ठेवली. "इथे वारा येतो." खिडकीपाशीच तिचं मशीन होतं. शेजारच्यांचे कपडे दुरुस्त करायचं काम तिनं धरलं होतं. भागत नव्हतं, ते खोलीकडे पाहूनच कळत होतं.

"मालक तयार आहेत," मास्तर म्हणाले. "पंखा लावलाय. मी सगळ्यांना खरं सांगितलं."

"मालक तयार आहेत. मी नाही."

"माझं चुकलं. माफ कर."

"केलं की. माफ करायला फार काही लागत नाही." तिनं सुईत दोरा ओवला. "मास्तर, मी वर्षभर सांगत होते, तेव्हा ते नखरे होते. तुमच्या पोटात सुई गेली आणि माझा घाम खरा ठरला. उद्या तुम्ही बरे झालात तर? परत खोटा ठरेल का? असल्या खऱ्याच्या भरवशावर मी रोज येऊन बसू कशी?"

"त्या दिवशी तू बोलली का नाहीस? एका शब्दात माझी जिरली असती."

"कारण मला माहीत होतं आत काय होत असेल. त्यावर हसायचं मला जमलं नाही." तिनं दोरा तोडला. "तुम्हाला जमलं."

मास्तर वारा खात बसून राहिले.

ती परत आली नाही. तिच्या मशिनवर नवी मुलगी बसते. डोक्यावर पंखा फिरतो, थरांवर वजनं असतात, आणि कोणी उठून मोरीवर गेलं तर मास्तर मान वर करत नाहीत. 'भट्टी' हा शब्द त्या हॉलमध्ये कोणी उच्चारला की मास्तर कटर बंद करतात.

मंडळी, आपल्या घरातही असा फ्रिज आहे आणि आपल्या कामाच्या जागीही असं कोणीतरी आहे. औषध कातडीखाली गेलं की महिनाभर झिरपत राहतं. आपण मारलेला टोमणा त्याहून सावकाश झिरपतो, आणि तो उतरवणारं औषध कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. दुसऱ्याच्या अंगातली आग आपल्याला जाणवत नाही, म्हणून ती नसते असं नाही. ती खरी मानायला दरवेळी आपल्याच पोटात सुई जावी लागणार असेल, तर आपण एकमेकांशेजारी बसून कामं करतो, एका घरात जन्म काढतो, त्याला अर्थ काय? सांगणारा सांगतोय तेव्हाच ऐका. नंतर माफी मिळते. माणूस मिळेलच असं नाही.

पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी नर्सनं विचारलं होतं, "सोबत कोणी आहे का? काळजी कशी घ्यायची ते त्यांनाही समजावून सांगते." मास्तर "कोणी नाही" म्हणाले होते. बायको बाहेर बाकावर बसली होती, त्यांची पिशवी मांडीवर घेऊन.